युफ्रेटिसच्या पाण्यावरून १९७५ मध्ये युद्ध पेटले असते तर

१९७५ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर इराक आणि सिरिया या दोन शेजाऱ्यांच्या फौजा सरहद्दीवर येऊन ठाकल्या. दोन्हीकडे बाथ पक्षाची हुकूमशाही, दोन्हीकडे अरब ऐक्याच्या घोषणा, दोन्हीकडे सोव्हिएत बनावटीचे रणगाडे आणि मिग विमाने. भांडणाचे निमित्त होते युफ्रेटिस नदीचे पाणी. सिरियाने सोव्हिएत मदतीने तबका येथे उभारलेले, सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचे मातीचे धरण १९७३ मध्ये पूर्ण झाले होते आणि त्यामागचा अफाट जलाशय भरणे चालू होते. नेमक्या त्याच काळात नदीच्या वरच्या अंगाला तुर्कस्तान आपले केबान धरण भरत होता. तळाशी बसलेल्या इराकच्या वाट्याला दोन्ही धरणांतून उरलेले पाणी येत होते. एरवी सेकंदाला ९२० घनमीटर असणारा प्रवाह १९७ घनमीटरवर आला आहे आणि तीस लाख शेतकऱ्यांच्या पोटावर पाय पडला आहे, असा इराकचा दावा होता. तुर्कस्तानातूनच पाणी कमी येते, आम्ही ते अडवलेले नाही, असे सिरिया म्हणत होता. अरब लीगने समिती नेमली, सिरिया तिच्यातून बाहेर पडला आणि त्याने आपले आकाश इराकी विमानांना बंद केले. धरण बॉम्ब टाकून उडवण्याची भाषा बगदादमधून ऐकू येऊ लागली. शेवटी सौदी अरेबियाने मध्यस्थी केली, मॉस्कोनेही दोघांना आवरले, थोडे जास्त पाणी सुटले आणि फौजा माघारी गेल्या.

ही मध्यस्थी फसली असती तर काय झाले असते, हा प्रश्न कल्पनेचा असला तरी त्याचे उत्तर कल्पनेच्या भराऱ्या मारत शोधण्याची गरज नाही. एवढी एकच घटना बदलायची, बाकी सगळी माणसे, सैन्ये, नकाशे आणि हितसंबंध होते तसेच ठेवायचे आणि पुरावा नेईल तेवढेच पुढे जायचे, अशी शिस्त पाळली तर जर-तरचा इतिहास खऱ्या इतिहासाबद्दल बरेच काही सांगतो. माझे म्हणणे असे आहे की हे युद्ध फार तर दोन-तीन आठवडे चालले असते, सरहद्द जिथे होती तिथेच राहिली असती आणि युफ्रेटिसचे पाणी थेंबानेही वाढले नसते. त्याचे खरे परिणाम रणांगणापासून दूर, बगदाद आणि दमास्कसच्या सत्तावर्तुळात आणि लेबनॉनमध्ये दिसले असते. या राजवटींची सैन्ये आधी खुर्ची राखण्यासाठी होती, शत्रूशी लढणे हे त्यांचे दुसरे काम होते.

वैराची मुळे पाण्यापेक्षा जुनी आहेत. मिशेल अफलाक आणि सलाहुद्दीन बितार यांनी दमास्कसमध्ये उभा केलेला बाथ पक्ष १९४७ मध्ये रीतसर स्थापन झाला. १९६३ मध्ये महिन्याभराच्या अंतराने इराकमध्ये आणि सिरियात या पक्षाने सत्ता घेतली. इराकमध्ये ती त्याच वर्षी गेली आणि १९६८ मध्ये परत मिळाली. दरम्यान १९६६ मध्ये सिरियातल्या लष्करी गटाने खुद्द संस्थापक अफलाक यांनाच हाकलले आणि पुढे बगदादने त्यांना मानाने ठेवून घेतले. तेव्हापासून खरा बाथ कोणाचा हा वाद सुरू झाला. परक्या शत्रूशी तडजोड करता येते, कारण तो आपल्या गादीवर हक्क सांगत नाही. इथे मात्र प्रत्येक राजधानी दुसरीला बंडखोर शाखा मानत होती, प्रत्येकीकडे दुसरीचे पळून आलेले नेते पाहुणे म्हणून राहत होते आणि प्रत्येकीला आपल्याच अधिकाऱ्यांमध्ये दुसरीचे हस्तक दिसत होते. म्हणूनच पाण्याचा तंटा इतक्या लवकर तोफांपर्यंत पोचला. दोन राजवटींत किमान विश्वास असता तर धरण एका हंगामाऐवजी दोन-तीन हंगामांत भरण्याचे वेळापत्रक अभियंत्यांनी टेबलावर बसून ठरवले असते.

आता युद्ध सुरू झाले असे धरू. बगदादच्या बाजूने विचार करता वेळ साधारण अनुकूल होती. ६ मार्च १९७५ रोजी अल्जीअर्समध्ये इराणच्या शहाशी करार झाला, इराणने इराकमधल्या कुर्द बंडखोरांना दिलेला पाठिंबा काढून घेतला आणि कुर्दांचे बंड काही आठवड्यांत कोसळले. उत्तरेच्या डोंगरांत अडकलेले इराकी सैन्य मोकळे झाले. इराकची लोकसंख्या एक कोटीच्या वर, सिरियाची पाऊण कोटीच्या आसपास, आणि तेलाच्या पैशाने इराकची तिजोरी भरू लागली होती. पण हेच सैन्य कुर्द युद्धाने थकलेले होते. त्या युद्धाच्या अखेरीस आपला जड दारूगोळा संपत आला होता, असे तेव्हा बगदादमधले दुसऱ्या क्रमांकाचे नेते असलेल्या सद्दाम हुसेन यांनीच पुढे उघडपणे सांगितले. सिरियाने १९७३ च्या ऑक्टोबर युद्धात हजाराहून जास्त रणगाडे गमावले होते, तरी सोव्हिएत संघाने ते बव्हंशी भरून दिले होते. शिवाय सिरियाचे अधिकारी इस्राएलसारख्या कसलेल्या शत्रूशी नुकतेच लढलेले होते. गोलानवर ३१ मे १९७४ च्या करारानुसार शांतता होती, पण त्या आघाडीवरून किती तुकड्या पूर्वेला आणायच्या याला मर्यादा होती. थोडक्यात, दोघांपैकी एकालाही संपूर्ण ताकद दुसऱ्यावर लावता येत नव्हती.

त्यानंतर येतो नकाशा. दोन देशांमधली सुमारे सहाशे किलोमीटरची सरहद्द बहुतेक ओसाड वाळवंटातून जाते. सैन्य नेता येईल अशी सोयीची वाट एकच, युफ्रेटिसच्या काठाकाठाने. इराकच्या अल-काइमवरून सिरियाच्या अबू कमालमध्ये, तिथून देर अझ-झोर, मग रक्का आणि त्यापुढे तबका. ही मजल तीनशे किलोमीटरच्या आसपास भरते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला उघडे माळरान, मधून एक मुख्य रस्ता, आणि त्या रस्त्यावर इंधन, पाणी व दारूगोळा वाहणाऱ्या ट्रकांची रांग. वरून सिरियाची विमाने. दमास्कस तर बगदादपासून सरळ रेषेतच सुमारे साडेसातशे किलोमीटरवर. या मुलखात रसदीच्या पुढे धावणाऱ्या सैन्याची काय गत होते, याची एक नोंद मराठी पलटणींच्या इतिहासातही आहे. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी टायग्रिसच्या काठाने बगदादच्या दाराशी पोचल्या, नोव्हेंबर १९१५ मध्ये तेसिफोनहून मागे फिरल्या आणि कुत येथे वेढल्या जाऊन एप्रिल १९१६ मध्ये त्यांना शरण जावे लागले. साठ वर्षांनी ट्रक आणि विमाने आली होती, पण अंतर तेवढेच राहिले होते आणि रणगाड्याला माणसापेक्षा फार जास्त प्यायला लागते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये इराकने आपल्या दोन चिलखती डिव्हिजन याच वाळवंटातून गोलानपर्यंत पोचवल्या होत्या, मग १९७५ मध्ये अंतराची अडचण का व्हावी? उत्तर त्याच मोहिमेत आहे. त्या वेळी सिरिया यजमान होता. रस्ते, पाणी, मुक्काम, आकाशातले संरक्षण सगळे सिरियाच्या हद्दीत मित्राचे होते. पाठ सुरक्षित राहावी म्हणून इराकने त्याच महिन्यात इराणशी तुटलेले राजनैतिक संबंध पुन्हा जोडले होते. एवढी अनुकूलता असूनही रणगाडे वाहून नेणारे ट्रेलर कमी पडले, तुकड्या तुटक तुटक पोचल्या आणि इस्राएलने त्यांना येताक्षणीच फटका दिला. मित्राच्या प्रदेशातून जाताना जिथे एवढे हाल झाले, तिथे शत्रूच्या प्रदेशातून, पूल उडवलेले असताना आणि विमाने डोक्यावर असताना काय झाले असते हे सांगायला युद्धशास्त्राचा अभ्यास लागत नाही. दोन्ही हवाई दलांत मिग-२१ होती, दोन्ही लष्करांत टी-५५ होते. गोंधळात आपल्याच विमानांवर आणि रणगाड्यांवर मारा होण्याचा धोका दोघांनाही सारखाच होता.

माझ्या अंदाजाने चित्र असे असते: पहिल्या दोन-तीन दिवसांत विमानतळांवर हल्ले, अबू कमालच्या आसपास चकमकी, कदाचित इराकी तुकड्या देर अझ-झोरच्या दिशेने काही मजल मारतात, मग रसद तुटते आणि दोन्ही बाजू जागच्या जागी खंदक खणतात. तोवर अरब लीग, अल्जीरिया, सौदी अरेबिया आणि मॉस्को मध्ये पडलेले असतात. यातली शेवटची बाजू निर्णायक होती. दोन्ही सैन्यांचे सुटे भाग आणि दारूगोळा एकाच पुरवठादाराकडून येत होता. इराकशी सोव्हिएत संघाचा १९७२ पासून मैत्री करार होता आणि सिरिया त्याचा अमेरिकेविरुद्धचा पश्चिम आशियातला महत्त्वाचा आधार होता. आपण दिलेल्या शस्त्रांनी आपलेच दोन मित्र एकमेकांना संपवत आहेत, हे दृश्य मॉस्कोला परवडणारे नव्हते. विमानांतून येणारी पेटारी थांबवण्याचा निर्णय घ्यायला त्याला एक दिवस पुरला असता.

हा अंदाज हवेतला नाही, कारण अशी युद्धे प्रत्यक्षात झाली आहेत. ऑक्टोबर १९६३ मध्ये अल्जीरिया आणि मोरोक्को वाळवंटातल्या सरहद्दीवरून भिडले आणि महिना संपायच्या आत माली देशात बामाको येथे शस्त्रसंधी झाली. जुलै १९७७ मध्ये इजिप्त आणि लिबिया यांचे युद्ध तर २१ ते २४ तारखांच्या दरम्यान आटोपले. इजिप्तची ताकद लिबियाच्या कितीतरी पट होती, तरीही इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनी अल्जीरियाचे बूमेदियन आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांच्या मध्यस्थीने हात आखडला आणि लिबियाचे कद्दाफी पुढे २०११ पर्यंत टिकले. त्याहून बोलका दाखला सप्टेंबर १९७० चा. जॉर्डनचा राजा हुसेन पॅलेस्टिनी संघटनांशी लढत असताना सिरियाचे रणगाडे उत्तर जॉर्डनमध्ये घुसले. जॉर्डनच्या विमानांनी त्यांना झोडपले आणि ते परतले, कारण संरक्षणमंत्री हाफिज असद यांनी आपले हवाई दल पाठवलेच नाही. दोन महिन्यांनी, नोव्हेंबर १९७० मध्ये, याच असद यांनी मोहिमेमागचे सत्ताधारी सलाह जदीद यांना तुरुंगात टाकून सत्ता घेतली. त्या वेळी जॉर्डनमध्ये इराकचेही हजारो सैनिक तळ देऊन होते आणि तेही हलले नाहीत. त्या निष्क्रियतेचे खापर बगदादमध्ये उपाध्यक्ष हरदान तिकरिती यांच्यावर फुटले. त्यांना पदावरून दूर केले गेले आणि १९७१ मध्ये कुवेतमध्ये त्यांची हत्या झाली. एकाच प्रसंगाने दमास्कसमध्ये एकाला खुर्ची मिळवून दिली आणि बगदादमध्ये दुसऱ्याचा जीव घेतला, जॉर्डनची सरहद्द मात्र तसूभरही हलली नाही. या राजवटींसाठी युद्धाचा हिशेब असा मांडला जात असे.

पाण्याचा आक्षेप यापेक्षा गंभीर आहे. लाखो शेतकऱ्यांची पिके जळत असतील तर सरकारला युद्धाखेरीज पर्याय उरत नाही, असे म्हणणारे आजही पुष्कळ आहेत. शेतकऱ्यांचे हाल खरे होते आणि दक्षिण इराकमधल्या भातशेतीला त्या वर्षी बसलेला फटका कोणी हलका मानू नये. पण युद्ध हे पाणी मिळवण्याचे साधन म्हणून निरुपयोगी होते, हे नदीच सांगते. धरण फोडले असते तर जलाशयातला अब्जावधी घनमीटर साठा रक्का आणि देर अझ-झोर बुडवून अबू कमालच्या पुढे सरळ इराकमध्येच शिरला असता. अल-काइम, आना, हीत, रमादी ही सगळी नदीकाठची गावे त्या लोंढ्याच्या वाटेवर होती आणि तो अडवायला हदिथाचे धरण अजून बांधलेही गेले नव्हते. शिवाय पुरानंतर पुन्हा दुष्काळ तसाच राहिला असता. धरण फोडायच्या ऐवजी जिंकायचे ठरवले तर तीनशे किलोमीटरची मजल मारून ते कायमचे ताब्यात ठेवावे लागले असते. एवढे करूनही तुर्कस्तानचे केबान धरण वर होतेच, आणि तुर्कस्तान नाटोचा सदस्य. मुळात ही टंचाई जलाशय भरेपर्यंतची होती. सगळ्या वाटाघाटींचा प्रश्न एक-दोन हंगामांचा होता. खुर्चीच्या राजकारणाने त्याला अस्तित्वाच्या लढाईचे रूप दिले.

बगदादला आवरणारी आणखी एक गोष्ट होती, ती तेलाची. किर्कुकचे तेल भूमध्य समुद्रावरच्या बनियास बंदरापर्यंत नेणारी वाहिनी १९५२ पासून सिरियातून जात होती. १९७२ मध्ये इराकने आपल्या उत्तरेकडच्या तेलाचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा सिरियाने आपल्या हद्दीतला वाहिनीचा भाग लगेच ताब्यात घेतला. युद्धाच्या पहिल्याच तासाला ती बंद झाली असती. तेल दक्षिणेकडच्या बंदरांकडे वळवणारी नवी वाहिनी नुकतीच उभी राहत होती आणि तुर्कस्तानातून जेहानला जाणारी वाहिनी १९७७ मध्ये सुरू व्हायची होती. प्रत्यक्षात इराकने एप्रिल १९७६ मध्ये स्वतःहून बनियासचा मार्ग सोडला. म्हणजे पर्यायी दारे तयार होऊ लागल्यावरच त्याने जुने दार लावले. १९७५ च्या उन्हाळ्यात ती तयारी पुरी नव्हती, आणि हिशेब करणाऱ्यांना ते पक्के ठाऊक होते.

सर्वांत मोठा आक्षेप सद्दाम हुसेन यांच्या पुढच्या वागण्याचा आहे. ज्या माणसाने १९८० मध्ये इराणवर आणि १९९० मध्ये कुवेतवर हल्ला केला, तो १९७५ मध्ये खुर्चीच्या हिशेबाने आवरला असता यावर विश्वास का ठेवावा? पहिली गोष्ट, १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष अहमद हसन अल-बक्र होते. ते लष्करातले, सद्दाम लष्कराबाहेरचे. युद्ध झाले असते तर प्रतिष्ठा मिळाली असती ती बक्र आणि सेनापतींना, आणि सेनापतींचे वजन वाढणे सद्दाम यांना सर्वांत धोक्याचे होते. जून १९७३ मध्ये सुरक्षा प्रमुख नाझिम कझार यांच्या फसलेल्या कटात संरक्षणमंत्री मारले गेले होते, ही आठवण ताजी होती. दुसरी गोष्ट, सद्दाम यांनी सप्टेंबर १९८० मध्ये जो इराण पाहिला तो क्रांतीने विस्कटलेला होता. त्याचे अनुभवी सेनाधिकारी तुरुंगात किंवा परागंदा होते आणि अमेरिकेशी त्याचे संबंध तुटले होते. कुवेत तर एका रात्रीत घेता येईल एवढे छोटे. दोन्ही वेळी समोरचा एकटा आणि कमकुवत आहे असे त्यांना वाटले. तो अंदाज चुकला, पण त्यामागचे गणित तेच होते. १९७५ चा सिरिया एकटा नव्हता आणि कमकुवतही नव्हता. सिरियाबद्दल सद्दाम यांनी पुढे निवडलेला मार्ग यालाच दुजोरा देतो. १९७८ मध्ये इजिप्त आणि इस्राएल यांच्यातल्या कॅम्प डेव्हिड समझोत्यानंतर दोन्ही देशांच्या एकीकरणाची बोलणी सुरू झाली होती. १६ जुलै १९७९ रोजी सद्दाम राष्ट्राध्यक्ष झाले आणि सहाच दिवसांनी त्यांनी पक्षाच्या सभेत सिरियाच्या कटाचा आरोप करून सहकाऱ्यांची नावे वाचायला लावली. त्यांतल्या अनेकांना गोळ्या घातल्या गेल्या. सिरिया त्यांना शत्रू म्हणून घरातच उपयोगी पडत होता, त्यासाठी सरहद्द ओलांडायची गरज नव्हती. असद यांनीही १९८२ मध्ये इराणची बाजू घेऊन, मधल्या काळात पुन्हा सुरू झालेली इराकची तेलवाहिनी बंद केली, सैन्य पाठवले नाही.

मग युद्धाने बदलले काय असते? मला वाटते, सर्वाधिक फरक लेबनॉनला पडला असता. तिथे एप्रिल १९७५ मध्ये यादवी सुरू झाली होती. जून १९७६ मध्ये असद यांनी तिथे फौज घातली तेव्हा इराकने सरहद्दीवर सैन्य जमवून धमकावले, तरी ते थांबले नाहीत, कारण पूर्वेकडून खरोखर हल्ला होईल असे त्यांना वाटत नव्हते. वर्षभरापूर्वी खरे रक्त सांडले असते, देर अझ-झोरजवळ इराकी तोफा अजून रोखलेल्या असत्या, तर दोन आघाड्यांवर पांगलेल्या सैन्याने बैरूतकडे वळणे फार कठीण गेले असते. २००५ पर्यंत चाललेला लेबनॉनमधला सिरियाचा मुक्काम कदाचित सुरूच झाला नसता. त्याने लेबनॉन सुखी झाले असते असे मी म्हणणार नाही, इस्राएल तिथे आणखी लवकर उतरला असता अशीही शक्यता आहे. दुसरा फरक कुर्दांना पडला असता. जून १९७५ मध्ये इराकी कुर्द नेते जलाल तालाबानी यांनी दमास्कसमध्येच आपला नवा पक्ष स्थापन केला. युद्धात असद यांनी त्यांना शस्त्रे मोकळ्या हाताने दिली असती आणि तीन महिन्यांपूर्वी विझलेली आग पुन्हा भडकली असती. इराणबरोबरचे पुढचे आठ वर्षांचे युद्ध मात्र याने टळले असते असे मला वाटत नाही. त्याला इराणी क्रांती लागली, आणि तिची कारणे तेहरानमध्ये होती, युफ्रेटिसच्या काठावर नव्हती.

पाण्याचा हिशेब पुढे कसा लागला हेही पाहण्यासारखे आहे. जानेवारी १९९० मध्ये तुर्कस्तानने अतातुर्क धरण भरण्यासाठी युफ्रेटिस महिनाभर जवळजवळ अडवून धरली, तेव्हा इराक आणि सिरिया या दोघांनीही निषेध केला. तुर्कस्तानकडून येणाऱ्या पाण्यातले ५८ टक्के इराकला आणि ४२ टक्के सिरियाला, असा करार याच दोन राजवटींनी त्याच सुमारास केला. त्या वेळी असद आणि सद्दाम यांच्यात समेट झालेला नव्हता आणि वर्षभरातच असद यांचे सैन्य सद्दाम यांच्याविरुद्धच्या आघाडीत सौदी अरेबियात दाखल झाले. तरीही टक्केवारी ठरली ती वाटाघाटीत, एकही गोळी न झाडता. तिन्ही देशांना बांधणारा युफ्रेटिसच्या पाणीवाटपाचा सर्वंकष करार मात्र अजूनही झालेला नाही.